धाडवरची हवाई धाड

वर्षभर या सदरात मी इतरांच्या छंदांची खोडी काढीत असतो. जुनी कुलपे जमवणारे, रेल्वेची वेळापत्रके तोंडपाठ करणारे, अशा बऱ्याच सज्जनांची हजेरी घेऊन झाली आणि त्यांची रागाची पत्रेही वाचून झाली. दिवाळी अंकासाठी संपादकांनी दोन पाने जास्त देऊ केली, तेव्हा या खेपेला घरचाच बळी द्यावा असे मी ठरवले. बळी म्हणजे माझा पुतण्या. तो बारावीत आहे, धाडला राहतो आणि रोज रात्री जेवण झाले की लढाऊ विमान उडवतो.

धाड हे आमचे गाव. बुलढाण्याहून भोकरदनकडे निघाले की वाटेत लागते. या नावापायी मी शाळेत फार सोसले आहे. नवे मास्तर विचारीत, "कुठला रे तू?" मी म्हणे, "धाडचा." की लगेच, "कोणावर घातलीस?" आणि सगळा वर्ग हसे. तेव्हा मलकापूरला गाडीतून उतरून, राजूरचा घाट चढून, बुलढाण्याला बस बदलून मी धनत्रयोदशीच्या रात्री घराशी पोचलो आणि आतून मशीनगनचा कडकडाट ऐकू आला, तेव्हा मला आधी तो विनोदच आठवला. वहिनी दार उघडून म्हणाल्या, "घाबरू नका भाऊजी. फटाके नाहीत. आपलं विमान आहे."

मागच्या खोलीत एका भिंतीला सोयाबीनची पोती लावलेली होती. दुसऱ्या भिंतीशी टेबल, टेबलावर संगणक, आणि त्याच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत कानाला हेडफोन लावलेले आमचे चिरंजीव. उजव्या हातात एक दांडा, डाव्या हातात इंजिनाची मूठ, पायांखाली दोन पेडले. मला पाहून तो उठला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, "काका, एक मिनिट. मागे एक जण लागला आहे." तो एक मिनिटात परत आला, पण पडून आला.

इथवर सगळे थट्टेच्या कामाचे होते. मी मनात दोन परिच्छेद रचूनही टाकले होते. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशीचे स्नान आटोपून फराळाला बसलो, तेव्हा दादाने चकली मोडता मोडता विषय काढला आणि माझी थट्टा जागच्या जागी आटली.

"त्याला पायलट व्हायचं आहे," दादा म्हणाला. "चौकशी केली. पन्नास लाखांच्या घरात खर्च सांगतात. खालचं वावर विकावं लागेल. हा म्हणतो, बाबा, मी सहाशे तास विमान चालवलं आहे, मला जमतं. आता मला त्यातलं काही कळत नाही. तू छापील कागदात लिहितोस. दोन दिवस त्याच्याजवळ बैस आणि मला सांग, ते खरं किती अन् खोटं किती?"

खालचे वावर म्हणजे विहिरीचे वावर. आमच्या वडिलांनी ती विहीर खणली तेव्हा आम्ही दोघे भाऊ काठावर बसून माती ओढीत होतो. मी लाडू खाली ठेवला आणि मागच्या खोलीत गेलो.

या विमानांच्या खेळांचा इतिहास तसा फार जुना नाही. सुरुवातीच्या खेळांत विमान म्हणजे पडद्यावरचा एक ठिपकाच असे. त्याचा कमाल वेग अमुक, वळण अमुक, असे ठरवून दिलेले. पत्त्यांत राजाला आणि गुलामाला किंमत ठरलेली असते तसे. २००१ साली रशियातून 'आयएल-टू स्टर्मोविक' नावाचा खेळ आला, त्याच्या आगेमागे हे चित्र पालटू लागले. आता संगणकाला वेग सांगत नाहीत. त्याला वजन सांगतात, पंखाचा आकार सांगतात, इंजिनाची ताकद आणि हवेची घनता सांगतात, आणि सेकंदाला कितीतरी वेळा तो हिशेब करतो की या क्षणी पंखावर किती जोर आला, शेपटीवर किती, पंख्याने विमान कोणत्या बाजूला ओढले. त्या बेरजेतून जे निघेल ते उड्डाण. वेग दुप्पट झाला की पंखाची उचल चौपट होते, हे पुतण्याने मला पेनाने पाठकोऱ्या कागदावर लिहून दाखवले. बारावीच्या परीक्षेत यातले काही आले तर बरे, असे मनात आले.

"आणि पंखाचा कोन फार वाढवला, तर?" मी विचारले.

"तर स्टॉल. हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते. मग विमान दगडासारखं. अन् काका, हे नुसतं हळू चाललं तरच होतं असं नाही. साठ अंश कलून आडवं वळण घेतलं की विमानाचं वजन दुप्पट झाल्यासारखं होतं. एरवी जे शंभराच्या वेगाला पडलं असतं, ते एकशे एक्केचाळीसलाच पडतं. लढाईत मागे बघत बघत दांडा ओढला की गेलंच."

काल रात्री तो असाच गेला होता.

मला वाटले होते, असे खेळ मुलांना आपण फार शूर असल्याचे सांगत असतील. पण हा खेळ त्याला रोज त्याच्या चुकाच मोजून दाखवीत होता. शिवाय तो विमानाचे दोषही लपवीत नव्हता, आणि माझ्या मते खेळ खरा की खोटा ते ओळखण्याची जागा तीच. विमानाचा वेग पुस्तकात बघून कोणीही घालील. त्याची खोड घालणे अवघड.

स्पिटफायरचेच घ्या. १९४० साली इंग्लंडवरच्या हवाई लढाईत या सुंदर विमानाला एक विचित्र खोड होती. नाक एकदम खाली दाबले की इंजिन खोकून क्षणभर बंद पडे. कारण त्याच्या कार्बुरेटरमधले पेट्रोल अशा वेळी खालचे वर उसळे. जर्मनांच्या मेसरश्मिटमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाई, त्यामुळे जर्मन वैमानिक बेलाशक नाक खाली करून निसटत. मागच्या इंग्रजाला आधी विमान उलटे करून मग दांडा ओढावा लागे. तेवढ्यात पाखरू उडालेले! यावर १९४१ मध्ये तोडगा काढला तो फार्नबरोच्या सरकारी संशोधन केंद्रातल्या बिअ‍ॅट्रिस शिलिंग या बाईंनी. पेट्रोलच्या वाटेत भोक पाडलेली एक लहानशी धातूची चकती. ती बसवली आणि इंजिनाचे ते खोकणे बरेच आवरले. या बाई मोटारसायकलच्या शर्यतींत ताशी शंभर मैलांच्या वर जाणाऱ्या होत्या. आमच्या वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग घरात चकलीचा सोऱ्या कोण फिरवत होतं?" ते इतिहासाला ठाऊक नाही.

तर सांगायचे ते हे की चांगल्या खेळात १९४०चे स्पिटफायर नाक दाबल्यावर खोकते. पुतण्याने मला ते करून दाखवले. आवाज तुटला, पंखा मंदावला, पुन्हा धरला. ज्याने हे संगणकात घातले त्याने जुने कागद नीट वाचले आहेत यात शंका नाही.

अशा कागदांवरूनच या मंडळींत कडाक्याचे वाद होतात. एकाच विमानाच्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण एक चाचणी नव्या कोऱ्या विमानाची, दुसरी शत्रूकडून हाती लागलेल्या मोडक्या विमानाची. पेट्रोल वेगळे, वजन वेगळे. मग आपल्या आवडत्या विमानाला दहा मैल कमी दिले म्हणून पोरे हमरीतुमरीवर येतात. पण ते युद्धातले वैमानिक बसले ती विमाने चाचणीच्या कागदातली थोडीच होती? १९४४ साली इंफाळच्या खोऱ्यात अर्जनसिंगांच्या हाताखाली आपली पहिली स्क्वॉड्रन हरिकेन उडवत होती, ती उकाड्यात आणि पावसाळ्यात. गरम हवा पातळ होते. पंखाला उचल कमी, इंजिनाला दम कमी. मला तर वाटते, दहा मैलांचा वाद घालणाऱ्यांना दुपारी एक वाजता त्या खोऱ्यात नेऊन सोडावे.

दुपारी पुतण्याने दुसरेच विमान काढले. दुमजली पंखांचे, १९१८चे, लाकडाचे आणि कापडाचे. मी म्हटले, "हे रे कोणतं?"

"सॉपविथ डॉल्फिन. हे वेलिणकरांचं."

मी चाटच पडलो. श्रीकृष्ण वेलिणकर हा मुंबईचा तरुण पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलात लढाऊ वैमानिक झाला. त्या युद्धात अशी चारच हिंदी नावे घेतली जातात: वेलिणकर, हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय आणि एरॉल सेन. रॉय यांनी जुलै १९१८च्या दोन आठवड्यांत दहा विमाने पाडली आणि त्याच महिन्यात ते गेले. मलिक यांचे विमान कॅमल. त्याचे अख्खे इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे, त्यामुळे ते उजवीकडे भिंगरीसारखे वळे आणि नवशिक्याला मारून टाकी. वेलिणकर तेवीस नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये डॉल्फिन उडवीत. जून १९१८ मध्ये ते पडले, जखमांनी गेले, आणि फ्रान्सच्या मातीतच राहिले. मराठी मुलांच्या पुस्तकांत त्यांचे नाव मी कुठे वाचलेले नाही. धाडच्या पोराला ते या खेळापायी कळले.

डॉल्फिनची मौज अशी की वैमानिकाचे डोके वरच्या पंखातल्या मोकळ्या चौकटीतून चक्क बाहेर येते. त्यामुळे वरचे आभाळ असे दिसते की वा! पण उतरताना विमान उलटले, तर पहिला टेका वैमानिकाच्या मानेचा. पुतण्या मला वरचे आभाळ दाखवीत होता. मला मान दिसत होती.

"याच्या इंजिनाचं काय?" मी विचारले, कारण त्याची कथा मी वाचली होती. डॉल्फिनला हिस्पानो-सुइझा नावाचे इंजिन असे आणि सुरुवातीच्या काळात त्याच्या दातेरी चाकांनी फार छळले. ती कारखान्यातूनच सदोष येत. वैमानिकाची काही चूक नसताना इंजिन बिघडे.

पुतण्या जरा थांबला. "नीट चालवलं तर नाही बिघडत. पाणी फार तापू दिलं, फेरे फार वाढवले, तर बिघडतं."

"म्हणजे तुझी चूक झाली तर."

"हो."

"आणि कारखान्याची चूक झाली तर?"

त्यावर तो काही बोलला नाही. दारात दादा येऊन उभा होता हे मला तेव्हा कळले. तो म्हणाला, "म्हणजे याच्यात पेरलेलं बियाणं दर साली उगवतंच म्हण की."

गेल्या दोन दिवसांत मी जेवढे समजून घेतले होते ते दादाने एका वाक्यात उरकले. काही खेळांत आपोआप बिघाड घडवण्याची सोय असते, हे मी त्याला सांगितले. पण ती सोय आपणच आपल्या हाताने चालू करायची, म्हणजे खोटे बियाणे आपणच दुकानातून मागून आणल्यासारखे.

मग मी स्वतः बसून पाहिले. स्पिटफायर जमिनीवर उभे असताना त्याचे नाक इतके वर असते की पुढची धावपट्टी दिसतच नाही, हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. मूठ पुढे ढकलली, इंजिन गर्जले आणि विमान डावीकडे पळाले. पुतण्या ओरडला, "उजवा पाय, उजवा पाय!" मी दोन्ही पाय दाबले. विमान झाडांत गेले. वहिनी खोलीत डोकावून म्हणाल्या, "भाऊजी, निदान दिवाळीचं तरी जपून."

दुसऱ्यांदा विमान वर गेले. चार-पाच मिनिटे मी धाडच्या खोलीत बसून इंग्लंडच्या किनाऱ्यावर होतो, आणि खोटे कशाला बोलू, मला सोयाबीनचा वास येईनासा झाला होता.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी दादालाच खुर्चीत बसवला. तो नको नको म्हणत बसला. पुतण्याने विमान वर नेऊन त्याच्या हाती दांडा दिला. दादाने ट्रॅक्टर चालवला आहे, त्याआधी बैलगाडी चालवली आहे, लहानपणी मोटेवर बसला आहे. त्याने दांडा दोन बोटांनी धरला, इकडे तिकडे कलवला आणि विचारले, "आत्ता वेग किती?"

"अडीचशे मैल."

"आणखी वाढव."

पुतण्याने नाक थोडे खाली घेतले. साडेतीनशे. दादाने पुन्हा दांडा हलवला. "हा तर तेवढाच हलका आहे. रिकाम्या गाडीचा अन् भरल्या गाडीचा कासरा हाताला वेगळा लागतो. याला दोन्ही सारखंच?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. घरी खेळायच्या दांड्याला खाली स्प्रिंग असते. विमान उभे असो की सुसाट सुटलेले असो, स्प्रिंग तीच. खऱ्या जुन्या विमानात दांड्यापासून तारा थेट पंखांच्या आणि शेपटीच्या फळ्यांपर्यंत गेलेल्या असत. वाऱ्याचा जोर वैमानिकाच्या मनगटावर येई. जपान्यांच्या झिरो विमानाने पॅसिफिकमध्ये अमेरिकनांना बेजार केले होते. जून १९४२ मध्ये अलास्काकडच्या अकुतान बेटावर एक झिरो दलदलीत उलटे पडले. अमेरिकनांनी ते नेऊन दुरुस्त केले, सप्टेंबरात उडवून पाहिले, तेव्हा उमगले की वेग वाढला की याचा दांडा आडवा हलवायला फार जड जातो आणि विमान कुशीवर वळायला आळस करते. नाक दाबले की इंजिन बंद पडण्याची खोडही त्याला होतीच. मग अमेरिकन वैमानिकांना सांगण्यात आले: वेगात सूर मारा आणि वळा, तो तुमच्या मागे येऊ शकणार नाही. लढण्याची रीतच त्या जड दांड्याने बदलली.

खेळात हा जडपणा कसा दाखवतात? तुम्ही दांडा पुरता ढकलला, तरी पडद्यावरचे विमान थोडेच वळते. हिशेब बरोबर असतो. पण हात दमत नाही. दांड्याला मोटार लावून उलटा जोर देणारे महागडे प्रकार बाजारात आहेत. ते धाडला पोचलेले नाहीत. स्पिटफायरच्या पंखाला मुद्दाम हलका पीळ दिलेला असे, त्यामुळे पंखाची बुडाकडची बाजू आधी स्टॉल होई आणि सगळे विमान थरथरू लागे. ती थरथर वैमानिकाला पाठीत कळे. प्लॅस्टिकच्या खुर्चीला पाठ असते, पण तिला विमान कळत नाही.

म्हणून हा सगळा खोटेपणा ठरतो का? मला तसे वाटत नाही, आणि दादालाही मी तसे सांगितले नाही. १९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने जमिनीवरचे पहिले कामाचे शिकाऊ विमान बनवले. त्याच्या घरचा धंदा ऑर्गन, म्हणजे आपल्या पेटीच्या थोरल्या भावंडाचा. त्याने ऑर्गनचे भाते लावून लाकडी डबा डोलवला. तो डबा काही खऱ्या विमानासारखा उडत नव्हता. पण ढगात शिरल्यावर बाहेरचे काही दिसत नसताना फक्त काटे बघून कसे उडायचे, ते दुसऱ्या महायुद्धातले लाखो वैमानिक त्यात शिकले. कानाला आणि पोटाला जे वाटते त्यावर विश्वास ठेवायचा नाही, काट्यावर ठेवायचा, एवढे शिकवायला भाता पुरला.

"मग सहाशे तासांचे किती धरायचे?" दादाने शेवटी रोकडा प्रश्न टाकला.

याचे उत्तर सोपे होते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते. घरच्या टेबलावरचा एक तासही त्यात धरत नाहीत. हे पुतण्याला आधीपासून ठाऊक होते. त्याने बापाला ते सांगितले नव्हते. खोलीत थोडा वेळ शांतता झाली. बाहेर कोणी तरी लवंगी माळ लावली.

मी म्हटले, "दादा, पोरगं खोटं शिकलेलं नाही. विमान का पडतं ते त्याला माझ्यापेक्षा आणि तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण ते पडायला लागलं की पोट कसं होतं ते त्याला कळत नाही. आणि डोळे, कान, काळीज, हे सरकारी डॉक्टर तपासतो. त्यात नापास झाला तर पुढचं सगळंच राहिलं."

"मग आधी डॉक्टर," दादा म्हणाला.

"आधी डॉक्टर. मग कुठे तरी खऱ्या विमानात मास्तराशेजारी बसून दोन-चार तास. गोंदियाला शाळा आहे, आणखीही आहेत. त्याला विचार, ओकारी झाली का. आणि बारावी."

"अन् वावर?"

"वावर त्याच्यानंतर."

पुतण्या एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, "बाबा, मी कधी म्हटलं विका म्हणून? कर्ज मिळतं."

"कर्ज कशावर मिळतं?" दादाने विचारले, आणि पुतण्या पुन्हा गप्प झाला.

पाडव्याच्या रात्री मी अंगणात झोपलो होतो. मागच्या खोलीतून डॉल्फिनच्या इंजिनाचा मंद आवाज येत होता; गोळ्या नाहीत, नुसते उडणे. दादाने खाटेवरून विचारले, "तो मुंबईचा पोरगा, वेलिणकर. केवढा होता रे?"

"कोवळाच असेल."

"त्याच्या बापानं काय विकलं असेल?"

मला ते माहीत नव्हते. इतक्यात विहिरीकडच्या खांबावरचा दिवा लागला. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती आणि हरभऱ्याला पाणी द्यायचे होते. दादा उठला, बॅटरी घेतली, पायांत चपला सरकवल्या. मागच्या खोलीतला आवाज बंद झाला. पुतण्या बाहेर आला, बापाच्या हातातली बॅटरी त्याने घेतली, आणि दोघे खालच्या वावराकडे निघून गेले.